हाताने लावलेले हातानेच निघावे

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन वर्षांनी दोह्याहून सुट्टीवर घरी आलो. खेड तालुक्यातले आमचे गाव, पावसाला आठ-दहा दिवस राहिलेले, आणि अम्मीच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सोमवारी सकाळी चिपळूणला ठरलेले. दारात आमची बारा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी उभी होती. मी नसताना ती माझी पत्नीच चालवते. शाळा, बाजार, आजारपण, सगळे तिच्यावरच. मला वाटले, परशुराम घाटातून जायचे आहे, तेव्हा एवढे एक काम तरी आपण करून ठेवावे. म्हणून शनिवारी दुपारी मी इंजिनाचे तेल आणि ऑइल फिल्टर बदलायला बसलो. मुलगा नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. तो शेजारी उकिडवा बसला आणि धाकटी टॉर्च धरून उभी राहिली.

तेल पाच मिनिटांत खाली आले. फिल्टर मात्र हलेना. हाताने फिरवून पाहिला, फडके गुंडाळून फिरवला, मुलालाही जोर लावायला सांगितले. आम्हा दोघांचे तळवे लाल झाले, पण फिल्टर होता तिथेच. तेवढ्यात पत्नी चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, “गेल्या वर्षी गॅरेजवाल्यालाही तो निघाला नव्हता. मी तुम्हाला फोनवर सांगितले होते. तेल बदलले, फिल्टर पुढच्या वेळी बघू म्हणाला.”

तिने सांगितले होते, हे मला आठवले. तो फिल्टर शेवटचा कोणी बसवला होता, तेही आठवले. दोन वर्षांपूर्वी परत जाण्याच्या आदल्या दिवशी मीच बसवला होता. माझ्या मागे सैल पडून बायकामुलांची वाटेत अडचण होऊ नये, म्हणून साखळीच्या पान्याने शेवटचा अर्धा फेरा जास्तच आवळला होता.

पुढे काय झाले ते सांगतोच. पण हा प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकतो, म्हणून आधी ही वस्तू काय असते आणि ती अडकते कशी, हे समजून घेऊ. मला हे माझ्या मामूंनी समजावले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला आहे.

पत्र्याच्या डब्यात काय असते?

इंजिनाच्या आत धातूचे भाग एकमेकांवर मिनिटाला हजारो वेळा फिरतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. या तेलात हळूहळू काजळी मिसळते, धातूची बारीक चूर मिसळते, धूळही येते. तेलाचा पंप हे तेल सतत फिल्टरमधून ढकलतो, आणि फिल्टरमधला घड्या घातलेला कागद केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण अडवतो.

पूर्वीच्या मोटारींना फिल्टर नसे. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास मोटारीचा पहिला ऑइल फिल्टर आला. बरीच वर्षे फक्त आतली जाळी किंवा कागद बदलायचा आणि बाहेरचे भांडे धुऊन परत लावायचे, अशी रीत होती. १९५० च्या दशकात अख्खा डबाच आट्यांवर फिरवून काढायचा आणि नवा लावायचा, ही सोय झाली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हाच प्रकार असतो. अनेक डिझेल गाड्यांत आणि काही नव्या पेट्रोल गाड्यांत मात्र झाकणाच्या आत फक्त कागदी फिल्टर असतो. तिथे झाकणाला त्याच मापाचा पाना लागतो, आणि झाकण प्लास्टिकचे असेल तर जोर बेतानेच लावावा. पुढचे सगळे विवेचन पत्र्याच्या डब्याच्या फिल्टरविषयी आहे.

या डब्याच्या तोंडाशी एक जाड पत्र्याची चकती असते. तिच्या मधल्या भोकाला आटे असतात आणि भोवती तेल आत जाण्याची छोटी भोके असतात. चकतीच्या कडेला खाचेत रबराची गोल रिंग बसवलेली असते. फिल्टर आट्यांवर फिरवला की ही रिंग इंजिनाच्या गुळगुळीत भागावर दाबली जाते आणि तेल बाहेर येत नाही. म्हणजे तेल अडवण्याचे काम आट्यांचे नाही, रबराचे आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली की बाकीचे सोपे होते.

फिल्टर कागदाने पुरता तुंबला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून आत एक झडपही असते. ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाऊ देते. आमच्या गाडीत दोन वर्षे आणि सोळा हजार किलोमीटर तोच फिल्टर होता. तेल नवे घातले, पण ते जुन्या मळातूनच फिरत राहिले. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे असे सांगितलेले असते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा, हेच बरे.

तो अडकतो का?

मामूंच्या शब्दांत सांगायचे तर, “फिल्टर काढताना अडकत नाही, लावताना अडकतो.”

पहिले कारण म्हणजे कोरडी रिंग. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचे बोट न लावता तो तसाच बसवला, तर फिरवताना रबर घासते, पिळवटते आणि धातूला चिकटते. मग इंजिन शेकडो वेळा तापते आणि थंड होते. त्या उष्णतेने रबर कडक होत जाते आणि डिंकाने चिकटवल्यासारखे इंजिनाला धरून बसते.

दुसरे कारण म्हणजे पान्याने आवळणे. फिल्टर हाताने बसवायचा असतो. पाना फक्त काढण्यासाठी. रबर एकदा नीट दाबले गेले की पुढच्या जोराने फायदा काहीच होत नाही, फक्त काढणाऱ्याचे काम वाढते.

तिसरे कारण वेळ. फिल्टर जितका जास्त दिवस राहील तितका तो घट्ट धरतो. आमच्या गाडीत ही तिन्ही कारणे एकत्र आली होती, आणि तिन्हींचा धनी मीच होतो.

काही जण अडकलेल्या फिल्टरवर गंज सोडवणारा स्प्रे मारत बसतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. आटे आतल्या बाजूला असतात आणि ते तेलातच बुडालेले असतात, त्यांना गंज चढलेला नसतो. धरून बसलेले असते ते रबर. उलट स्प्रेमुळे डबा बाहेरून निसरडा होतो आणि हाताची पकड जाते.

आधी फिल्टर, मग तेल

माझी सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. मी आधी तेल सोडले आणि मग फिल्टरला हात घातला. तेल निघून गेलेले, फिल्टर अडकलेला, म्हणजे गाडी जागची हलणार नाही. उद्या रविवार, गावातला मेकॅनिक भाचीच्या निकाहासाठी महाडला गेलेला, आणि परवा सकाळी अम्मीचे ऑपरेशन.

म्हणून हा नियम लक्षात ठेवावा. आधी फिल्टर सैल होतो का ते पाहावे. पाव फेरा हलला की थांबावे, मग तेल सोडावे आणि शेवटी फिल्टर पुरता काढावा. तो हललाच नाही, तर तसाच राहू द्यावा. गाडीत तेल आहे, फिल्टर शाबूत आहे, तेव्हा ती चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पाव फेरा सैल झाल्यावर मात्र गाडी चालू करायची नाही, कारण तेल दाबाने बाहेर येते.

सुरुवातीला इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे. कोमट इंजिनात रबर थोडे मऊ पडते आणि तेलही पातळ होऊन पुरते बाहेर येते. पण लांबचा प्रवास करून आल्या आल्या हात घालू नये. काही गाड्यांत फिल्टर धुराच्या नळीच्या अगदी जवळ असतो आणि हात भाजतो. इंजिन चालवताना गाडी उघड्यावर असावी, बंद शेडमध्ये नसावी.

गाडी उचलावी लागणार असेल तर जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढलेला, गाडी गियरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. खाली लोखंडी स्टँड लावावेत. आमच्या कोकणात अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि तेच खाली सरकवण्याचा मोह होतो. मीही तेच केले होते. मामूंनी आल्या आल्या आधी ते काढायला लावले. म्हणाले, “चिऱ्यावर घर उभे राहते बाबा, गाडी नाही. एका टोकावर भार आला की चिरा फुटतो, आणि फुटण्याआधी सांगत नाही.” स्टँड नसतील तर गाडी न उचलता जेवढे होईल तेवढेच करावे, किंवा काम गॅरेजवर सोपवावे.

कोणत्या बाजूला फिरवायचा?

हा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण निम्मे फिल्टर इथेच जास्त घट्ट होतात. फिल्टरच्या बंद बुडाकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की तो सुटतो. आपण गाडीखालून बुडाकडे पाहत असू, तर सरळ आहे. पण बॉनेट उघडून वरून हात घातला, तर आपण त्याच्याकडे उलट टोकाने पाहत असतो. तेव्हा सोडवण्याची दिशा आपल्याला काट्यांसारखीच दिसते. आम्ही बापलेकांनी शनिवारी पहिली दहा मिनिटे वरून हात घालून फिल्टर आवळण्यातच घालवली.

सोपी युक्ती अशी, की नवा फिल्टर हातात घेऊन जुन्या फिल्टरच्या शेजारी त्याच स्थितीत धरावा आणि बुडाकडून पाहून दिशा ठरवावी. खडूने डब्यावर बाण काढून ठेवला तर आणखी चांगले.

पायरी पायरीने

पहिली पायरी हाताची. डबा आधी कोरड्या फडक्याने, मग साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून अगदी कोरडा करावा. रबरी हातमोजा घातला तर पकड दुपटीने वाढते. घरात भांडी घासायचे मोजे असतात, तेही चालतात.

दुसरी पायरी पॉलिश पेपरची. सुताराकडचा खरखरीत पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून डब्याभोवती गुंडाळावा आणि वरून हाताने धरून फिरवावे. पुष्कळ फिल्टर इथेच सुटतात.

तिसरी पायरी पट्ट्याची. बाजारात पट्ट्याचा फिल्टर पाना मिळतो. तो नसेल तर कमरेचा जुना चामडी पट्टा घ्यावा. पट्टा बकलातून ओवून फास करावा आणि फास फिल्टरच्या मुळाशी, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या कडेजवळ बसवावा. मोकळे टोक ओढले की फास आवळला जातो आणि डबा फिरतो. ओढ सोडवण्याच्याच दिशेने बसेल असा फास टाकायचा, एवढे पाहावे. टोक एखाद्या जाड पान्याला गुंडाळले तर जोर चांगला लागतो.

मुळाशीच का? कारण मधोमध डबा नुसत्या पातळ पत्र्याचा असतो. तिथे दाबले की तो चेपतो आणि जोर वाया जातो. मुळाशी आत जाड चकती असते, तिथे पत्रा दबत नाही.

चौथी पायरी फिल्टरच्या खास पान्यांची. एक टोपीसारखा असतो. तो डब्याच्या बुडावरच्या कंगोऱ्यांवर बसतो आणि त्याला नेमके माप लागते. टोपी सैल होत असेल तर आत पॉलिश पेपरचा तुकडा घालावा. दुसरा तीन बोटांचा असतो, जितका फिरवावा तितका तो घट्ट धरतो. तिसरा साखळीचा. साखळीचा पाना जबरदस्त धरतो, पण डबा चिरडतो, म्हणून तो शेवटी आणि मुळाशीच लावावा. कुठलाही पाना वापरताना एकदम झटका देण्याऐवजी आधी जोर लावून धरावा आणि मग थोडा थोडा वाढवावा. चिकटलेले रबर सुटायला काही क्षण लागतात.

आग लावून फिल्टर तापवणे हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. तिथे तेल असते, जवळच पेट्रोलची नळी असते.

स्क्रू-ड्रायव्हरचा मोह

फिल्टरच्या आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकायचा आणि त्याचा दांडा धरून फिरवायचा, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. शनिवारी संध्याकाळी माझा धीर सुटला आणि मी तेच करायला निघालो. पत्नी म्हणाली, “मामूंना एकदा विचारा तरी.” मी म्हटले, एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला त्रास? हातोडीने स्क्रू-ड्रायव्हर आरपार घातला आणि ओढला. फिल्टर फिरला नाही. पत्रा मात्र हापूसची साल सोलावी तसा फाटत गेला. आतला कागद बाहेर लोंबू लागला, तेल कोपरापर्यंत ओघळले. मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त टॉर्च बंद केली.

हा उपाय कधी कधी चालतो, हे खरे. पण त्यात परतीची वाट नाही. एकदा भोक पडले की फिल्टर निघेपर्यंत गाडी चालू करता येत नाही. मधोमध ठोकला तर स्क्रू-ड्रायव्हर आतल्या आट्यांच्या नळीवर आदळू शकतो, आणि ती नळी इंजिनाची असते, फिल्टरची नव्हे. शिवाय जो फिल्टर पट्ट्याने सुटत नाही, त्याचा पातळ पत्रा स्क्रू-ड्रायव्हरपुढे टिकण्याची आशा कमीच.

रात्री मी मामूंना फोन केला. रविवारी फज्रनंतर ते मोटारसायकलवरून आले. सोबत एक बोथट छिन्नी, छोटी हातोडी आणि पक्कड. फाटलेला डबा पाहिला आणि एवढेच विचारले, “लावताना तेल लावले होतेस?”

मी नाही म्हणालो.

“आणि पाना लावलास?”

“हो.”

“का?”

मी कारण सांगितले. मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे न पाहता मुलाला म्हणाले, “बघ बेटा, तुझ्या अब्बाने काळजीने आवळला. पण जो लावतो, त्याने काढणाऱ्याचाही विचार करायचा असतो. काढणारा कोण असेल, त्याच्या हातात किती जोर असेल, हे कोणाला ठाऊक?”

काढणारी माझी पत्नीही असू शकली असती. पावसात, घाटात, लेकरे आणि अम्मी गाडीत असताना. त्या एका वाक्याने मला जे कळले, ते कोणी रागावून सांगितले असते तरी कळले नसते.

चकती कशी सुटली?

मामूंनी पकडीने फाटलेला पत्रा आणि कागद काढून टाकला. आता इंजिनावर फक्त भोकांची जाड चकती आणि तिच्या कडेचा दुमडलेला पत्रा राहिला. त्यांनी छिन्नी कडेवर तिरकी टेकवली, फिरण्याच्या दिशेने, आणि हातोडीचे हलके ठोके द्यायला सुरुवात केली. दोन-तीन ठोके एका जागी, मग छिन्नी पुढे सरकवून पुन्हा दोन-तीन. छिन्नीचे टोक इंजिनाच्या गुळगुळीत भागाकडे जाणार नाही, याकडे त्यांचे सगळे लक्ष होते. तिथे ओरखडा पडला तर नवा फिल्टरही गळत राहतो. डोळ्यांना चष्मा लावला होता, आणि मुलालाही लांब बसवले होते.

बाराव्या-पंधराव्या ठोक्याला बारीक ‘टक्’ असा आवाज आला. चकती बोटभर सरकली. मामूंनी छिन्नी खाली ठेवली आणि मुलाला पुढे बोलावले. उरलेले फेरे त्याने पकडीने आणि मग हाताने काढले.

चकती निघाली, पण तिच्या खाचेत रबर नव्हते. ते इंजिनालाच चिकटून राहिले होते. मुलाने नखाने खरवडले तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी निघाले. इथे सावध राहावे. जुनी रिंग इंजिनाला तशीच राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर एकावर एक दोन रिंगा होतात. सुरुवातीला गळत नाही, पण दाब वाढला की वरची रिंग सरकते. इंजिनातल्या तेलाचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो, आणि छोट्या गाडीत तेल असते सुमारे तीन लिटर. ते रिकामे व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून जुना फिल्टर निघाला की आधी त्याचे रबर मोजावे, म्हणजे जागेवर आहे की नाही ते पाहावे. मधली आट्यांची नळी फिल्टरबरोबर निघून आली नाही ना, तेही पाहावे. आली असेल तर ती परत इंजिनात नीट बसवून मगच पुढे जावे.

नवा बसवताना

नवा फिल्टर आपल्याच गाडीच्या नमुन्याचा आहे, हे दुकानातच पडताळावे. दिसायला सारखे असले तरी आटे आणि आतल्या झडपा वेगळ्या असू शकतात.

इंजिनाची बैठक स्वच्छ, बिनतंतूच्या फडक्याने पुसावी. नव्या फिल्टरच्या रबरावर नव्या तेलाचे बोट सगळीकडे फिरवावे. फिल्टरचे तोंड वर येत असेल तर त्यात थोडे तेल भरून ठेवावे, म्हणजे सुरुवातीला इंजिन कोरडे फिरत नाही. आडवा बसत असेल तर भरू नये, सांडेल.

मग हातानेच फिरवत न्यावा. पहिले दोन-तीन फेरे अगदी सहज जायला हवेत. अडला तर आटे तिरके धरले आहेत, काढून पुन्हा लावावा. रबर इंजिनाला टेकल्याचे हाताला कळते. तिथून पुढे साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळे लिहिलेले असेल तर तसे करावे. टेकल्यावर डब्यावर खडूची रेघ ओढली तर पाऊण फेरा मोजता येतो. यापुढे पाना नाही.

तेल सोडायच्या बोल्टला नवा वॉशर लावून तो आवळावा, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे आणि मापाचे तेल भरावे आणि इंजिन चालू करावे. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. एक-दोन मिनिटे चालवून फिल्टरभोवती आणि बोल्टभोवती टॉर्चने पाहावे. मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी आणि कमी असेल तर थोडे थोडे घालावे.

आमचा नवा फिल्टर मुलाने बसवला. रबराला तेल त्याने लावले, खडूची रेघ त्याने ओढली. पाऊण फेऱ्यावर तो थांबला तेव्हा माझा हात नकळत पुढे गेला होता, आणखी थोडा आवळण्यासाठी. मामूंनी तो धरला. शेवटी धाकटीने मार्करने डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले.

जळक्या तेलाचे काय?

वापरलेले तेल गटारात, शेताच्या बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नये. कोकणात लाकडाला वाळवी लागू नये म्हणून हे तेल फासायची जुनी सवय आहे. पण त्यात धातूची चूर आणि काजळी असते, पावसात ते धुपून जमिनीत उतरते. आपल्या जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते, आणि चार पावलांवर कोणाची तरी विहीर असते. देशाच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. तेल जुन्या कॅनमध्ये भरून झाकण लावावे आणि जिथे जळक्या तेलाचा पिंप ठेवलेला असतो अशा गॅरेजमध्ये द्यावे. तिथून ते पुन्हा शुद्ध करण्यासाठी जाते. फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून त्यातले तेल निथळू द्यावे.

हातावरचे तेल साबणाने सहज जात नाही. आधी थोडे खायचे तेल चोळावे, मग चिमूटभर साखर घेऊन घासावे आणि शेवटी भांड्यांच्या साबणाने धुवावे. वुझूआधी नखांच्या कडाही पाहाव्यात. पुढच्या वेळी मोजे घालावेत हे उत्तम, कारण जळके तेल वारंवार कातडीला लागणे चांगले नाही.

शेवटी

सोमवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. गाडी पत्नीने चालवली, मी शेजारी बसलो. घाटात मी तीनदा लाल दिव्याकडे पाहिले, तिने एकदाही नाही. अम्मीचे ऑपरेशन नीट झाले. पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा नातवाचे हात पाहिले आणि विचारले, “नखे एवढी काळी कशाने झाली?”

महिनाभराने मी परत गेलो. जाताना काहीही आवळून ठेवले नाही.

यंदाच्या मे महिन्यात मला येता आले नाही. तेल बदलायची तारीख डब्यावर लिहिलेली होतीच. एका रविवारी दुपारी घरून आवाजातला निरोप आला. मागे पावसाआधीचा वारा, कोंबड्यांचा आवाज, आणि मुलगा कोणाला तरी सांगत होता की आधी इंजिन कोमट कर, तेल नंतर. मग थोडी शांतता. आणि मग पत्नीचा आवाज, माझ्यासाठी एवढाच:

“मी काढला. हाताने निघाला.”